निव्वळ वजन

सीताबर्डीच्या दुकानात पोरगा म्हणाला,
"मॅडम, उचलून तर पहा, पापड आहे पापड."
मी उचलला नाही.
पिशवीतून काटा काढला,
आधी एक किलोचं पितळी वजन ठेवून काटाच तपासला
(माझ्यावरही माझा भरवसा नाही)
आणि मग म्हटलं, ठेव.

बावीस वर्षं वैधमापन खात्यात गेली.
इतवारीतल्या सराफांचे नाजूक काटे,
कळमन्याच्या अडतीतले दांडगे काटे,
पंपावरचं पाच लिटरचं माप,
आणि तो एक मिठाईवाला
जो पुठ्ठ्याचा डबाही पेढ्याच्या भावानं विकायचा.
तोंडी वजन आता घशाखाली उतरत नाही.

खोक्यावर नऊशे नव्वद ग्रॅम.
काट्यावर एक हजार सव्वीस.
"एवढं तर चालतेच ना मॅडम, छत्तीस ग्रॅम!"
छत्तीस ग्रॅम म्हणजे इतवारीत तीन तोळ्यांच्या वर, बाबू.
त्याच्या बिल्ल्यावर नाव होतं हर्षल पराते.
बिल्ला छातीवरून जरासा कलला.
आता चार्जर ठेव.
"चार्जर काऊन?"
काऊन म्हणजे? तो काय मी घरी ठेवून फिरणार?
तीनशे चौदा.

खात्याचा जुना लॅपटॉप दोन किलो सातशेचा.
त्याच्यासोबत शिक्क्यांची पेटी, नोंदवही, डबा,
आणि मानक वजनं, ज्यांना हलकं करता येत नाही:
किलोचं वजन किलोच भरलं पाहिजे,
तेवढ्यावर तर त्याची नोकरी आहे.
डॉक्टर कोठेकर खांदा फिरवून म्हणाल्या, वजन कमी करा.
मला वाटलं, माझंच म्हणतात.

हर्षलनं दुसरा काढला. याला पंखाच नाही, म्हणाला,
आवाज शून्य.
पंखा नाही? नागपुरात?
"आतून थंडच राहते ना."
कोण सांगितलं?
"कंपनीनं."
मागे कूलर घरघरत होता, वाळ्याचा ओला वास,
आणि तो स्वतः कॉलर मागे ओढून
त्या झोताच्या बरोब्बर समोर उभा होता.
दोघंही हसलो. त्यानं तो परत ठेवला.

मग भाव विचारत गेले, आणि गंमत कळली.
दर शंभर ग्रॅम कमी झाले
की किंमत आठ-दहा हजारांनी चढते.
कमी तोलला की महाग होणारा
एवढाच माल पाहिला मी आयुष्यात.
कमी तोलणाऱ्यांना दंड ठोकत आले,
पावतीपुस्तकं संपवली,
रडणाऱ्या भाजीवाल्यांचंही ऐकलं नाही,
आणि आज काउंटरपाशी उभी,
कमीसाठी जास्त मोजायला.
खांदा मधूनच ठणकून म्हणत होता, मोज.

घेतला तो पंखेवाला.
एक किलो दोनशे दहा, चार्जरसकट दीडच्या आत,
अक्षरं चष्म्याविना दिसतील एवढा पडदा.
सगळ्यात हलका नाही. पण खोक्यावरचा आकडा
आणि काट्यावरचा आकडा
यांच्यात फरक फक्त चार ग्रॅम.
हर्षलला म्हटलं, हा खरं बोलतो.
तो म्हणाला, मॅडम, बिल पक्कंच करतो मग.

दुसऱ्या दिवशी उमरेडच्या बसमध्ये
पिशवी खांद्यावर आणि मी डावीकडे कललेली.
इतकी वर्षं तोल सांभाळायला कलत होते,
भार गेला तरी कलच आहे.
काट्याला असं झालं तर आम्ही लिहितो:
शून्यावर येत नाही, दुरुस्तीस पाठवावा.

पिशवीत आता किलोभर जागा होती, हक्काची.
स्टँडवर उतरल्या उतरल्या, चव्वेचाळीसच्या उन्हात,
पाण्याची तिसरी बाटली घेतली.
एक लिटर, असं लिहिलंय.
उघडली नाही अजून. काटा शोधतेय.