देणारा तोच, घेणारा तोच

दालबाजारातल्या पतसंस्थेच्या माळ्यावर
सर्व्हरची खोली. दुपारचे अडीच. कूलरला पाणी नाही.
नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, तसा
जुन्या यंत्राचा दाखला पडद्यावर अडून बसला.
कोणाला दिला: लेखा-एक.
कोणी दिला: लेखा-एक.
खाली लाल अक्षरांत,
या ओळखीची हमी कुणीच घेत नाही.

‘तरीही पुढे जा’ असं एक बटण असतं.
बघेल म्हणाला, दबा दो दीदी, सब दबाते हैं.

मी लघाट्यांना फोन लावला.
अकरा वर्षांपूर्वी हा दाखला त्यांनीच घडवला,
निवृत्त होताना त्याचा ठसा डायरीत उतरवून नेला,
पेन्सिलीनं, दोन-दोनच्या जोड्या पाडून.
“थांब, चष्मा घेतो.”
मग थाटीपुरातून सावकाश:
सात-एफ.
हो.
शून्य-नऊ.
हो.
तेराव्या जोडीत मला डी ऐकू आलं, पडद्यावर बी.
“काका, डमरूतला की बदकातला?”
“बदक गं, बदक. पाण्यातलं.”
कोरड्या कूलरकडे बघून मला हसू आलं.

बत्तीस जोड्या जुळल्या.
पण फोनवर लघाटेच होते,
हे तरी मला कुणी लिहून दिलं होतं?
सात-नऊ आलं की ते एकोणऐंशी म्हणून जातात,
मग जीभ चावून पुन्हा सात, नऊ.
तेवढ्यावर मी भागवलं.

ही सिस्टिम विकायला पुण्याहून एक मुलगा आला होता.
माझं मराठी ऐकून थबकला.
मूळच्या कुठल्या तुम्ही?
लष्करच्या.
तसं नाही हो, मूळच्या?
पाच पिढ्या लष्करच्या.
मग मराठी कशा?
काय दाखवणार त्याला?
आम्हीच म्हणतो, म्हणून.
त्याच्या चेहऱ्यावर लाल अक्षरं उमटली नाहीत, इतकंच.

ठसा विश्वासाच्या यादीत टाकला. लाल गेलं.
मुदत अजून नऊ वर्षं.
“तेव्हा कुणाला विचारशील?” लघाटे म्हणाले,
आणि उत्तराची वाट न बघता
पाण्याचा टँकर आला म्हणून फोन ठेवला.

मी टेबलाच्या खणात पेन्सिल शोधली.
टोक मोडकं होतं, पण चालण्यासारखं.
बघेलला म्हटलं, तू वाच, मी लिहिते. दोन-दोन.
तो पडद्याजवळ सरकला, घसा खाकरला.
सात-एफ.