हलवू नका

दिवसभर मी घड्या मोडते, पगार घेऊन.
बांबोळीच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या टेबलावर
पांढरी पूड तोलते, साबणाची चुलत बहीण,
आणि तोलताना हमखास शिंकते.
एस्पेरांसा मान वर न करता पंखा बंद करते.

प्रथिन कसे दिसते, भाचीने विचारले होते.
म्हटले, मच्छीबंदीत आवळून ठेवलेले जाळे बघ:
बाहेरचे धागे पाण्याशी बोलणारे,
आतली गाठ तेलकट, लाजरी,
तिला पाणी सोसत नाही.
साबणाचा रेणूही दोन मनांचा,
डोके पाण्यात, शेपटी कोरड्याच्या शोधात.

अगदी थोडे असले, तर अंगाला इथे-तिथे चिकटतात.
एखादी गाठ त्याने उलट घट्टही होते,
शेजाऱ्याने कलत्या भिंतीला खांदा द्यावा तशी.
मग मी थेंब वाढवते.
अजून एक.
आणि कुठेतरी, आकडा वहीत आहे,
शेपट्या आत शिरतात
नि आतले सगळे बाहेर येते.
तुटत काही नाही. साखळी तीच, कड्या त्याच क्रमाने,
फक्त आपण काय करायचो हे तिला आठवत नाही.

दुपारी जेलमधून विजेच्या ओढीने धावतात
रक्तातली, दुधातली, फुरशाच्या विषातली,
एकाच ऋण भाराने माखलेली.
लांबी सोडली तर कुणाला ओळख नाही.
मला हे आवडते. कबूल करते.
निळ्या रेघा फार स्वच्छ असतात.

साडेपाचला पणजीत उगमची सुई घेतली.
माझा धाकटा भाऊ. चोडणच्या देवळात घुमट वाजवायचा.
आता सकाळी त्याची बोटे उघडत नाहीत,
पेल्याभोवती वळलेली तशीच राहतात.
औषधवाले कुडचडकर डब्यात बर्फ भरत म्हणाले,
"हलवू नका. फेस आला तर फुकट."

हलवू नका!
रायबंदरची फेरीबोट, तिचे डिझेलचे इंजिन,
बाजूला स्कूटरवर तीन टोपल्या, कोंबड्यांसकट.
डबा मांडीवर घेऊन उभ्या जागी बसले.
सुईतही प्रथिनच, दुमडलेले,
आणि ते दुमडलेले राहिले तरच उगमची बोटे सुटणार.

चिठ्ठीवर शेवटच्या ओळीत, मुंगीएवढ्या अक्षरांत:
पॉलिसॉर्बेट, अत्यल्प.
म्हणजे त्याच कुळातला कुणीतरी आहे बरोबर,
भार नसलेला, मऊ हाताचा.
हवा नि पाणी भेटतात त्या कडेला
प्रथिन सैल सुटते, पसरते, एकमेकांत अडकते;
हा तिथे आधी जाऊन उभा राहतो,
दाटीवाटीने, सगळी कड अडवून.
मांडवी हलवते, इंजिन हलवते,
धडका तो घेतो.

सकाळी मी ज्याच्या भावंडाने उसवत होते
त्याच्याच जिवावर आता बसले आहे.
एस्पेरांसाला सांगितले तर म्हणेल,
"मग? प्रमाण बघ ना, बाई."

काठाला बोट जोरात आदळली.
उगम धक्क्यावर होता. डबा घ्यायला हात पुढे केले नाहीत,
कोपर केले. मी नाही दिला.
दिव्याखाली नळी धरून पाहिली:
नितळ.
डोळ्यांना दिसते तेवढी तरी.