सांधा

झोप नाही ना येत, गांगुर्डे?
घ्या, पाणी प्या. मला बारानंतर बंद.
उद्या माझं, परवा तुमचं.

मी तांबट आळीतला. चाळीस वर्षं
हंडे, बंब, घंगाळी ठोकली.
भांडं कुठे चिरलंय ते नुसतं वाजवून सांगायचो,
स्वतःचं मात्र सहा महिने कळलं नाही.
रक्त दिसायचं. मूळव्याध म्हणायचो,
पाणी ओतून मोकळा.
तसली जागा दाखवणार कुणाला?

खैरनार बाईंनी कागदावर आतडं काढलं,
सुटलेल्या पागोट्यासारखं.
इथून इथवर कापायचं,
मग ही दोन टोकं जोडायची.
मी विचारलं, सांधा गळला तर?
मुलानं माझा दंड दाबला.
बाईंनी पेन खाली ठेवलं.
गळतो काही जणांचा, म्हणाल्या,
पहिला आठवडा म्हणून डोळ्यांत तेल घालायचं.
आणि तोवर वरच्या अंगाला
पोटावर एक वाट काढून ठेवायची,
सांधा कोरडा राहायला.

कोरडा राहायला!
तिथे मला बाई पटल्या.
डाख दिलेल्या भांड्यात
कोण लगेच पाणी ओततं?

गल्लीत सांगणारे होतेच,
हत्यार लागलं की पसरतं म्हणून.
तेही विचारलं. म्हणाल्या, उशीर तुम्ही करता
आणि नाव सुरीचं जातं.

त्या वाटेची जागा ठरवायला रूथ सिस्टर आल्या,
शरणपूरच्या. उभं केलं, बसवलं, वाकवलं.
कामाला कसे बसता?
मी उकिडवा बसलो, हातोडा धरल्यासारखी मूठ केली,
सगळा वॉर्ड बघतोय.
त्यांनी पेनाची खूण पुसली
आणि दोन बोटं वर केली.
तेवढ्यावर आठ महिने कामाला बसलो.

कुणी म्हणेल, गुलाबाच्या कळीसारखं दिसतं ते.
खोटं. आतड्यासारखंच दिसतं.
हात लावला तर दुखत नाही, एवढं खरं.
भाचीच्या लग्नात, मंगलाष्टकं संपता संपता,
पिशवी बोलली.
अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली,
वाचलो.

ती तीन गोळ्यांची नळी ओढत राहा,
कंटाळा आला तरी. तंबाखू कालच सोडायला हवी होती,
आज सोडा. शुद्धीवर आलात की दुसऱ्या दिवशी
उठवतील. शिव्या द्या, पण उठा.
मी त्या खिडकीपर्यंत जायचो,
पांडवलेण्यांचा डोंगर दिसला की परत.
आणि वायू सरला की लाजू नका,
सगळ्यांना सांगा. माझ्या बायकोनं
फोन करकरून सांगितलं होतं, सिन्नरपर्यंत.

रिपोर्ट मागून येतो, पंधरा दिवसांनी.
माझ्या चौदा गाठी तपासल्या, एकीत निघालं.
मग सलाईनचे ते महिने.
कापलं म्हणजे संपलं असं नसतं,
आणि निघालं म्हणजे संपलो असंही नाही.

एक बोलू?
तुमचा मुलगा अल्सर म्हणतो.
परवा फाईल माझ्या खाटेवर विसरला होता.
मी उघडली नाही. देवाशपथ नाही.
पण अल्सरच्या माणसाला
रूममध्ये ढकलून बाहेर जिन्यात कुणी रडत नाही, गांगुर्डे.
मलाही नुसती गाठ सांगितली होती.
सकाळी बाई आल्या की पोराला चहाला धाडा.
विचारा, जठर किती काढणार,
उरलं तर त्यात किती घास मावतील,
दिवसातून कितीदा जेवायचं,
नाहीच केलं तर काय.
फाईल तुमची आहे. सही तुम्ही करायची.

मला? भीती वाटते की.
सांध्यात औषध सोडून फोटो काढलाय,
कुठे थेंब नाही.
तरी उद्या वाट बुजवतील
आणि आठ महिने सुना पडलेला रस्ता
पुन्हा चालू होईल, कसा कोण जाणे.

दिवा मालवू?
नको?
बरं, राहू दे.