शेवटचे दोन आकडे

स्कोप टेबलावर आला तेव्हा त्याच्या अंगावर
तीन नावं होती.
पाठीवर तंत्रनिकेतनाचा नोंदणी क्रमांक, पांढऱ्या ऑइलपेंटचा.
बाजूला कर्कटकानं कोरलेलं, ज्योत्स्ना.
पुढे कंपनीचं, अर्धं पुसलेलं.
घरत म्हणाले, यातलं एकही मागणीपत्रावर चालत नाही.
उलटा कर. खरा नंबर पायाशी असतो.

बी शून्य दोन, मग चार आकडे.
म्हणजे मॅन्युअलची मागची पिवळी पानं बघायची,
पुढची पांढरी नाहीत.
हे कुठे लिहिलेलं नाही. एकतीस वर्षं
रबाळ्याच्या या शेडमध्ये चुकीचे भाग परत पाठवून
घरतांना ते कळलं,
आणि महिनाअखेर ते निवृत्त होतायत.

पहिल्या चॅनलवर रेघ नाही.
आत एक रेझिस्टर कोळसा झालेला,
पट्ट्यांचे रंग गेलेले.
मी सवयीनं मीटरची टोकं लावली.
"मेलेल्याची नाडी कशाला बघतेस?
शेजारी जा. दुसऱ्या चॅनलमध्ये त्याचा जुळा आहे,
त्याला विचार."

भिंग डोळ्याला लावून विचारलं.
नारिंगी, नारिंगी, काळी, काळी, तपकिरी.
तीनशे तीस ओहम. डब्यात दोनशे पडलेत.
मला वाटलं, झालं.

"रेझिस्टर आपणहून जळत नाही, पोरी.
त्याला कुणी जाळलं ते बघ."

कुणी म्हणजे नखाएवढा चौकोन, आठ पायांचा.
त्याच्या पाठीवरचा नंबर जगातल्या कुठल्याच दुकानात नाही,
ते कंपनीनं घरात ठेवलेलं नाव.
अशांसाठी घरतांची लाल कापडी वही.
तीन रकाने:
घरचं नाव, बाजारातलं नाव, कुठे मिळेल.
तिसऱ्या रकान्यात कुठे कुठे नुसतंच,
"शहा वारले. मुलाला विचारू नये."

शोधता शोधता शेवटच्या पानापर्यंत गेले.
तिथे एकच ओळ, वेगळ्या शाईत.
घरचं नाव: भेंडीची खार.
बाजारातलं नाव: या शेडचा प्लॉट नंबर,
आमच्या प्रत्येक बिलावर छापलेला, मला पाठ असलेला.
तिसरा रकाना कोरा.

पान उलटलं.
घरत खिडकीशी उभे होते, पारसिकच्या डोंगराकडे पाठ करून,
सोल्डरच्या तारेचा गुंता सोडवत.

पुण्याच्या डीलरला फोन लावला.
बी बेलापूरचा. नाही, पी नाही, बी.
तीन एक पाच, मग शून्य चार सात दोन.
तो म्हणाला, शेवटचे दोन?
शून्य तीन.
शून्य तीन बंद झालं मॅडम,
आता शून्य पाच. अकरा आठवडे लागतील.

फोनवर हात ठेवून मी विचारलं, चालेल का?
ते बराच वेळ तारच सोडवत राहिले.
"पाय तेच आहेत. बोर्डावरचं भोक थोडं घासावं लागेल.
बसतं.
पहिल्यासारखं नाही बसत, पण रेघ येते."
मग म्हणाले, दोन मागव.
एक त्याला, एक तुला.

जळका भाग मी केराच्या डब्याकडे नेत होते,
त्यांनी हात पुढे केला.
काडेपेटीत घातला, वर तारीख टाकली,
नवा येईपर्यंत नमुना हाच, म्हणाले,
आणि मला कपाट उघडायला लावलं.

काडेपेट्याच काडेपेट्या, वरच्या फळीपासून खालपर्यंत.
काहींवरच्या तारखा माझ्या जन्माआधीच्या.
त्यातल्या बहुतेकांचे नवे
कधीच येऊन, लागून, जळूनही गेले होते.