उलटी अक्षरं

भिकाजी पोटफोडे तांबट आळीत राहून
भांडी ठोकत नव्हता, एवढाच त्याचा गुन्हा.
भाऊबंद हातोडीचे, हा कोरणीचा.
पोटापुरत्या पाट्या: डॉक्टर, वकील,
'बेल एकदाच दाबावी'.
उरलेल्या वेळात तांब्याच्या पत्र्यावर
दिसेल ते.

आणि त्याला दिसायचं.
नागझरीच्या पुलाखाली, गटाराच्या कडेला,
एक बाई आभाळ विसळत बसते, म्हणायचा.
डेक्कनच्या बसथांब्यावर थांबू नावाचा देव,
त्याची बस अजून डेपोतून निघायची आहे.
आणि लोहजा, ठिणगीची लेक,
आळीतल्या प्रत्येक ठोक्याला जन्मणारी
आणि गार होईतोवरच जगणारी.
"तुला नाही दिसत?"
आमटीत मीठ कमी लागतंय का रे,
असं विचारावं तसं विचारायचा.

मी दहा वर्षांचा, चार आणे रोज,
कोळशाच्या भुकटीनं पत्रे घासायचो.
मला दिसायचं त्याचं शाई लागलेलं नाक,
आणि रूळ फिरवणारी चिमाकाकू.
ती रोज एक कप चहा जास्त टाकायची, थांबूसाठी.
गार झाला की स्वतःच प्यायची.

कविता तो थेट पत्र्यावर उलटी कोरायचा,
आरशाशिवाय.
पुढेपुढे हात वळेनासाच झाला.
वाण्याच्या वहीत सही उलटी,
रेशनच्या अर्जावर उलटी,
साहेब म्हणाला, शुद्धीत आहात का?
हा म्हणाला, तुम्ही छापून बघा.

एकदाच प्रदर्शन भरलं, शाळेच्या वर्गात.
छाप नाही, नुसते पत्रे मांडलेले.
सातजण आले, त्यातले दोघे पंख्याखाली बसायला.
अभिप्रायाच्या वहीत एकानं लिहिलं:
प्रयत्न स्तुत्य. शुद्धलेखन तपासावे.
ते वाक्य त्यानं कोरून भिंतीवर लावलं.

ससूनमध्ये शेवटचे तीन दिवस
नखानं चादर कोरत होता.
नर्सनं नखं कापली.

पुतण्यानं चौऱ्याऐंशी पत्रे वजनावर घातले.
तांबं चांगलं होतं, म्हणाला, भाव आला.
एक काकूनं पदराखाली ठेवला.
दिराकडून त्याची परात करून घेतली,
तळ तसाच ठेवायला सांगून, कडा तेवढ्या वळवून.
"रोज हात तरी लागेल."
वर कल्हई. संपलं.

ती परात आता आमच्याकडे.
काकू गेली तेव्हा मागून घेतली,
आणि का ते बायकोला सांगितलं नाही.

काल तिनं कणीक मळली, गोळा उलटा केला
आणि थबकली.
कल्हई उडालेल्या जागी तांबं उघडं,
आणि गोळ्याच्या पोटावर, सरळ, स्वच्छ,
इतक्या वर्षांनी पहिला छाप:
'विझायच्या आत मला हाक मा'
पुढचा र कडेला वळलाय, हातोडीखाली.

कुणाचं आहे हे, तिनं विचारलं.
मी म्हटलं, लोहजाचं.
ती बराच वेळ पिठाचा हात तसाच धरून उभी राहिली.

पोळ्या झाल्या. खाल्ल्या.
दुपारी खालून कल्हईवाला ओरडत गेला.
आम्ही दोघंही गॅलरीत गेलो नाही.