इर्मिनाबायच्या घरातली रेंज

नार्वेच्या फेरीबोटीत शिडी आडवी धरून मी उभा होतो,
एका बाजूला स्कूटर, दुसऱ्या बाजूला माशांच्या पाट्या.
"दिवाडीला चोरी करायला चाललास काय रे शाणू?"
म्हटलं, चोरायला नाही, पोचवायला.
काय पोचवतो ते मला नीट सांगता येत नाही.
बारा वर्षं झाली या धंद्यात,
अजून डोळ्यांनी बघितलेलं नाही.

घर लांबोडकं. पुढे बाल्कांव, मागे विहीर,
मधल्या सहा खोल्या एकीच्या पोटात एक.
राउटर साल्यात, सायबिणीच्या मूर्तीखाली,
तिथे सगळ्या कांड्या.
जेवणघरात दोन.
रांधपघरात काही नाही, नुसता धूर.

"फसवलं कंपनीनं," इर्मिनाबाय म्हणाली,
"शंभर देतो म्हणाले होते."
मी भिंतीवर बोटाच्या पेरानं वाजवलं.
"कंपनी नव्हे बाय, हा चिरा. हातभर जाड.
याच्यात लोखंड आहे, म्हणून तर तो तांबडा.
लाट येते, आपटते, आणि तिथंच गंजून जाते."
(गंजण्याचं मी आपलं पदरचं घातलं.
गिऱ्हाइकाला पटावं लागतं.)

सेल्सो बोटीवर आहे. रात्रभर पाव भाजतो,
परक्यांच्या न्याहारीसाठी.
तिकडे पाळी सुटते तेव्हा
इकडे हिची कढई तापलेली असते.
मिनिटाला पैसे पडतात त्याला.
तिनं मला जागा दाखवली:
रांधपघराच्या उंबऱ्यापासून चार पावलं,
शिंपल्यांच्या खिडकीचं एक दार उघडं, एक बंद,
पाठ भिंतीला, उजवा हात वर.
"इथं. आणि हलायचं नाही."
त्या लादीवरचं निळं फूल पुसट झालेलं,
शेजारच्या लाद्यांवर अजून टवटवीत.

सासू गेली तेव्हाही तिनं इथूनच सांगितलं.
"मांय" एवढं पोचलं.
बाकीचं दुसऱ्या बंदराला, दोन दिवसांनी.

ड्रिल काढलं तसा इनासबाब बाल्कांवातून उठून आला.
ऐंशीच्या पुढचा, काठीशिवाय.
"माझ्या भिंतीला भोक पाडायचं नाही."
मी ड्रिल ठेवलं. तो गेला नाही.
मग कपाट सरकवायला सांगितलं मला,
आणि मागचा चुन्याचा बोळा स्वतःच्या नखानं उकरला.
आरपार उजेड.
"रेडिओची तार घालायला मीच पाडलं होतं,
पाय न वाजवता, बाप मिस्साला गेला असताना.
गाणी ऐकायची होती. हिंदी."
सून त्याच्याकडे बघत राहिली.
केबल अशी गेली आत, की माप घेऊनच पाडलेलं.

तीन डबे लावले. हातात फोन धरून घर फिरलो,
पाडव्याला घरभर धूप दाखवतात तसा.
जेवणघर भरलं. रांधपघरात चार कांड्या.
विहिरीवर तीन.
डुकरांच्या जुन्या खोपीतसुद्धा दोन,
तिथं आता नुसत्या नारळाच्या शेंड्या.

अकरा वीसला फोन वाजला.
ती आदाळीवर बसून नारळ खवत होती.
मी हातवारे केले: इथंच! बस, इथंच बोल!
तिनं हात पदराला पुसले,
उठली, चार पावलं चालली,
त्या फूल पुसलेल्या लादीवर उभी राहिली,
पाठ भिंतीला, उजवा हात वर.

मी तोंड उघडलं.
इनासबाबानं मान हलवली: राहू दे.

पडद्यावर सेल्सो एकदाही गोठला नाही.
टोपी काढली, डोकं खाजवलं, कुणाला तरी ओरडला,
हसला, मागून एक माणूस ट्रे घेऊन गेला.
तो सारखा हलत होता.
ती नाही.

आत काहीतरी करपत होतं.
बिलावर सही घ्यायची राहिली,
आणि पुढची फेरी बाराची.