रकाना सातवा

परिपत्रक जूनमध्ये आलं:
सहावीपासून गणित नि विज्ञान इंग्रजीतून.
सोबत तक्ता. रकाना चौथा, घरची भाषा:
मराठी, उर्दू, हिंदी, इतर.
दाभोळच्या धक्क्यामागे
माझ्या बावीस पोरांपैकी
अठरा 'इतर'.

शमीम होडेकर ऑगस्टपर्यंत गप्पच.
'पॅरलल लाइन्स' म्हणालो, तर खिडकीबाहेर बघत बसली.
तिथं बापाचं जाळं वाळत होतं,
वर बोयांची दोरी, खाली शिशाची.
"ह्या दोन," पुटपुटली,
"कवाच भेटत नाय. भेटल्या तर जाळा गुतला."

मग धडा आला 'टाइड'चा.
फळ्यावर चंद्र, पृथ्वी, बाण.
तिनं हात वर केला, पहिल्यांदाच:
"ह्यो झाला उधाणाचा. भांगाला काय म्हनतात?"
मी घाटावरचा.
मला मराठीच अडलं.

रात्री आधी 'भांग' शोधला, मग त्याचं इंग्रजी.
सकाळी तिनं वहीत उतरवलं, देवनागरीत: नीप.
पुढं तिचं तिनंच:
अष्टमी. पानी मरतां. मासली कमी.

रकाना सातवा: जादा मदतीची गरज कोणाला?
तिचं नाव अर्धं टाइप झालं होतं.
पुसलं. माझं घातलं.

पोर्टल म्हणतं,
नोंद अवैध.